चिमटीतले पीठ शब्दाने ओळखण्याचा सराव

स्वयंपाक शिकणाऱ्याला “लाडवासाठी बेसन रवाळ घे” एवढे सांगून भागत नाही. रवाळ म्हणजे नेमके कसे, हे त्याच्या बोटांना कळावे लागते, आणि ते शिकवण्यात शब्दाचा वाटा आपण समजतो त्याहून मोठा असतो. बर्लिनमधील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात बोटांना जेमतेम वेगळे जाणवणारे नमुने दिले होते. ज्या नमुन्यासोबत दर वेळी एकच ठरावीक शब्द ऐकवला गेला, तो ओळखणे लोकांना पुढे अधिक चांगले जमले.

घरी हा सराव करण्यासाठी हरभऱ्याच्या डाळीचे चार प्रकार चार वाट्यांत घ्यावेत: वस्त्रगाळ बेसन, भज्यांचे बेसन, लाडवाचे बेसन आणि भरडा. डाळ एकच असल्यामुळे वासावरून ओळख पटत नाही. त्यांना अनुक्रमे मऊसूत, पिठूळ, रवाळ आणि खरखरीत अशी नावे द्यावीत आणि ती शेवटपर्यंत बदलू नयेत. आज ‘रवाळ’ आणि उद्या ‘कणीदार’ म्हटले की शिकणाऱ्याचा गोंधळ होतो.

डोळे मिटून चिमूटभर पीठ अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये घ्यावे. बोटाच्या टोकाला दोन ते तीन मिलिमीटर अंतरावरचे दोन बिंदू वेगळे कळतात, तळहाताला तेवढे बारीक कळत नाही. पीठ नुसते दाबू नये, हळूहळू चोळावे. बारीक कणांची जाणीव घर्षणाने त्वचेत उठणाऱ्या कंपनांतून होते. चोळणे चालू असतानाच शब्द मोठ्याने म्हणावा. भरडा पहिल्याच दिवशी ओळखू येतो. खरी कसोटी मऊसूत आणि पिठूळ यांची असते: वस्त्रगाळ बेसन बोटांच्या रेषांत शिरून बसते, तर भज्यांच्या बेसनात चोळता चोळता एखादा कण अडखळतो. त्या अडखळण्याकडे लक्ष द्यायला मला फार आवडते, आणि शिकणाऱ्यानेही तिथेच अधिक वेळ द्यावा.

परीक्षा घेताना मात्र शब्द आधी उच्चारू नये, कारण शब्द स्पर्शाची दिशाभूलही करतो. २००८ च्या एका प्रयोगात तेच क्रीम हातावर चोळताना त्याचे वर्णन अधिक आकर्षक शब्दांत केले, तेव्हा तो स्पर्श लोकांना अधिक सुखद वाटला. म्हणून वाट्यांची जागा बदलावी, मुकाट्याने एक पुढे करावी आणि शब्द शिकणाऱ्याच्याच तोंडून येऊ द्यावा.