घरच्या आर्केड कॅबिनेटचं वायरिंग: या चुका टाळा

गेम खेळायच्या कॅबिनेटचं बटणांचं पॅनेल बंद केलं, स्क्रू आवळले, गेम सुरू केला आणि दुसऱ्या ओळीतली शेवटची तीन बटणं चालेचनात. अशा वेळी पहिला संशय बटणांवर जातो, दुसरा एन्कोडर बोर्डावर, म्हणजे बटणांचे सिग्नल संगणकाला पोचवणाऱ्या बोर्डावर. माझाही तसाच गेला. बोर्ड बदलला, फरक शून्य. मग ग्राउंडच्या (सगळ्या बटणांच्या सामाईक) वायरीवरचा एक लग (वायरीच्या टोकाचा धातूचा जोड) हलकेच ओढला आणि वायर सुटून हातात आली. क्रिंप करताना (पकडीने आवळताना) लगने तांब्याच्या तारा धरल्याच नव्हत्या, नुसतं वरचं प्लास्टिक आवळलं होतं. त्या लगच्या पुढे ग्राउंड पोचतच नव्हतं.

तेव्हापासून मी शोध नेहमी ग्राउंडपासून सुरू करतो. ग्राउंडची वायर एका बटणावरून दुसऱ्यावर अशी साखळीने नेलेली असेल आणि ओळीने काही बटणं बंद असतील, तर पहिल्या बंद बटणाच्या आसपासच साखळी तुटलेली असते. एकटंच बटण बंद असेल तर त्याची सिग्नलची वायर आणि मायक्रोस्विच (बटणाखालचा छोटा स्विच) तपासा. साखळीचं शेवटचं टोक परत बोर्डाच्या ग्राउंडला जोडा. मग एक सांधा निसटला तरी दुसऱ्या बाजूने ग्राउंड मिळत राहतं. थोडी जास्त वायर जाते, जाऊ दे. आणि क्रिंप केलेला प्रत्येक लग ओढून बघा, एकही सोडू नका.

लगचं मापही बघून घ्या. जपानी धाटणीच्या बटणांना बहुतेक वेळा २.८ मिमीचे लग लागतात, अमेरिकन धाटणीच्या मायक्रोस्विचना बऱ्याचदा ४.८ मिमीचे. मोठा लग चिमटून बसवला तर खेळताना बसणाऱ्या हादऱ्यांनी तो सैल होतो, आणि मग बटण कधी चालतं, कधी नाही. असा अधूनमधून येणारा दोष शोधायला सगळ्यात अवघड.

बटण न दाबताच गोळ्या सुटत असतील आणि दाबल्यावर थांबत असतील, तर वायर एनसीच्या (न दाबता जोडलेल्या) पत्तीवर गेली आहे. आपल्याला कॉमन (सामाईक) आणि एनओ (दाबल्यावरच जोडली जाणारी) हव्यात. पत्त्यांची जागा प्रत्येक स्विचवर सारखी नसते, म्हणून अंदाज न करता स्विचवरची अक्षरं वाचा.

जॉयस्टिकमध्ये तर हमखास गोंधळ होतो. दांडा मध्यावर टेकून फिरतो, त्यामुळे मूठ डावीकडे नेली की खालचं टोक उजवीकडे जातं आणि उजवीकडचा स्विच दाबला जातो. त्यात आपण पॅनेल उलटं करून बघत असतो, म्हणजे डावं-उजवं आणखी फिरतं. यावर डोकं खाजवण्यापेक्षा मूठ एका दिशेला धरून ठेवा, मल्टीमीटरने कोणता स्विच बीप देतो ते बघा आणि त्याच्या वायरीवर चिकटपट्टी लावून दिशा लिहा. दिशा चुकल्या तर सेटिंगमध्ये अदलाबदल करू नका, वायरीच बदला. नाहीतर पुढे प्रत्येक नव्या प्रोग्राममध्ये तीच उठाठेव.

काही वेळा वायरिंगचा दोष नसतोच. १९८० सालच्या पॅक-मॅनला चारच दिशा लागतात. आठ दिशांच्या जॉयस्टिकवर तिरकी दिशा लागते आणि वळण हुकतं. तिथे वायरी उपसू नका, जॉयस्टिकखालची गेट (दांड्याला ठराविक दिशांतच हलू देणारी पट्टी) चार दिशांवर फिरवा.

दिव्याच्या बटणांबाबत मात्र फार जपा. दिव्याच्या पत्त्या वेगळ्या, स्विचच्या वेगळ्या. १२ व्होल्टची वायर चुकून स्विचवर गेली तर एन्कोडर जळू शकतो. बटणं थेट रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या पिनांना जोडली असतील तर त्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, ५ व्होल्टसुद्धा त्यांना सोसत नाही. मॉनिटरची घरगुती विजेची केबल या बारीक वायरींपासून दूर बांधा आणि आत हात घालण्याआधी प्लग काढा.

दोन खेळाडूंसाठी अगदी एकसारखे दोन यूएसबी बोर्ड लावले, तर कधी कधी चालू-बंद केल्यावर पहिला खेळाडू दुसरा होतो. तेव्हा वायरींना हात लावू नका. शक्य असेल तर दोन्ही खेळाडूंची बटणं घेणारा एकच बोर्ड वापरा.