दाबलेल्या मातीच्या विटा प्लॉटवर कशा पाडाव्यात

भट्टीत न भाजता, थोडे सिमेंट घालून प्रेसमध्ये दाबलेल्या मातीच्या विटांवर दुमजली घर उभे राहते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने आणि पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिल वसाहतीने हे तंत्र आपल्याकडे रुजवले. मात्र प्रेस भाड्याने आणण्याआधी माती तपासा. काम फसते ते बहुतेकदा इथेच.

वरचा फूट-दीड फूट थर बाजूला काढा. त्यात मुळे आणि कुजका पाला असतो, तो झाडांना घाला. खालची माती सरळ उभ्या काचेच्या बरणीत एक तृतीयांश भरा, वर पाणी आणि चिमूटभर मीठ टाकून जोरात हलवा. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, त्यावर गाळ, आणि चिकणमाती बसायला अख्खा दिवस लागतो. दुसऱ्या दिवशी थर पट्टीने मोजा. वाळू-खडा 60 ते 65 टक्के आणि चिकणमाती 15 ते 20 टक्के भरली तर माती कामाची. चिकणमाती जास्त निघाली तर वाळू किंवा चाळलेला मुरूम मिसळा. ती पाण्यात फुगून थर जाड दाखवते, हेही लक्षात ठेवा.

काळी माती नको. भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि सिमेंटलाही जुमानत नाही. प्लॉटवर तीच असेल तर बाहेरून मुरूम आणणे शहाणपणाचे. कोकणातल्या जांभ्याच्या मातीला सहसा हा त्रास नसतो.

माती 5 मिमीच्या चाळणीतून काढा. सिमेंट वजनाने 7 टक्के घ्या: 290 × 140 × 90 मिमीच्या विटा 50 किलोच्या गोणीत साधारण शंभर होतात. आधी कोरडेच कालवा, रंग एकसारखा झाला की झारीने पाणी शिंपडा. मूठभर मिश्रणाचा गोळा करून कमरेच्या उंचीवरून कडक जमिनीवर टाका. चार-पाच ढेकळे झाली तर पाणी बरोबर. नुसता चपटा झाला तर जास्त, भुगा झाला तर कमी.

ओले मिश्रण अर्ध्या-पाऊण तासात संपेल एवढेच करा. सिमेंट धरू लागल्यावर दाबलेली वीट कच्ची राहते. साच्यात माती अंदाजाने ओतू नका, दर विटेला तोलून घाला. या मापाला साडेसात किलोच्या आसपास लागते. कमी पडली तर वीट पोकळ राहते आणि पावसात कोपरे झडतात. बिगारी कंटाळून वजनकाटा बाजूला ठेवतात, तेव्हा तिथे लक्ष हवेच.

विटा सावलीत रचून दोन दिवस प्लास्टिकखाली झाका, मग 28 दिवस होईपर्यंत पाणी मारा. उन्हात एक दिवस जरी कोरड्या पडल्या तरी ताकद गेली. बांधकामाआधी दोन-चार विटा दिवसभर पाण्यात बुडवून ठेवा. कडा बोटाने खरवडल्या जात असतील तर तो घाणा भिंतीत वापरू नका.

विटा जोडायचा मसाला 1 भाग सिमेंट, 2 भाग तीच माती, 6 भाग वाळू असा ठेवा. निव्वळ सिमेंट-वाळूचा कडक मसाला विटेपेक्षा ताठ होतो आणि तडा सांध्याऐवजी विटेतून जातो. जोते दगडाचे, दीड-दोन फूट उंच, आणि छपराच्या पागोळ्या भिंतीपासून किमान दोन फूट लांब पडू द्या. वायरिंगच्या नळ्यांची जागा नकाशातच ठरवून घ्या, कारण बांधून झालेल्या भिंतीवर छिन्नी चालवली की विटांच्या कडा फुटतात.