थाई मालिश आणि गावाचे आरोग्यपर्यटन : या चुका टाळा

पारंपरिक थाई मालिश, म्हणजेच ‘नुअद थाई’, 2019 साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत दाखल झाली. या मानाचा लाभ थायलंडमधील खेड्यांपर्यंत पोहोचावा, असे मनापासून वाटते. पण उत्साहाच्या भरात होणाऱ्या काही चुका पाहुण्यालाही महागात पडतात आणि गावालाही.

सर्वांत गंभीर चूक म्हणजे विचारपूस न करताच पाहुण्याला आडवे करणे. लांबचा विमानप्रवास करून आलेल्या माणसाची एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल, तर तिथे रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते. अशा पायावर दाब देणे जिवावर बेतू शकते. त्याला तिथूनच थेट डॉक्टरांकडे पाठवावे. ताप, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, ठिसूळ हाडे, गर्भारपण, अनियंत्रित रक्तदाब यांविषयीचे प्रश्न पाहुण्याच्या भाषेत एका कागदावर छापून ठेवावेत आणि मालिश करणाऱ्यांना नकार देण्याचा पूर्ण अधिकार असावा. बुकिंग हातचे जाईल म्हणून त्यांच्यावर दडपण आणणाऱ्या व्यवस्थापकाने हे काम करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक शहरातील स्पाची नक्कल करण्याची. या विद्येत पाहुणा सैल कपड्यांत जमिनीवरच्या गादीवर झोपतो, तेल सहसा लागत नाही, आणि अंगठा, तळवा, कोपर, गुडघा यांनी ‘सेन’ नावाच्या, ज्यांतून शरीरातील ऊर्जा वाहते असे मानतात त्या दहा मुख्य वाहिन्यांच्या मार्गावर दाब दिला जातो. उत्तरेकडील लान्ना प्रदेशात तर चिंचेच्या लाकडाची पाचर अंगावर टेकवून हातोडीने हळूहळू ठोकण्याची ‘तोक सेन’ ही पद्धत आहे. जे गावाचे स्वतःचे आहे तेच बाजूला सारले, तर पाहुण्याने इतक्या लांब कशासाठी यावे? मालिशीपूर्वी जीवक कोमारभच्चाला केले जाणारे वंदनही वेळ वाचवण्यासाठी गाळू नये. या विद्येचा जनक मानला जाणारा राजगृहातील हा बुद्धकालीन वैद्य आपल्याकडच्या बौद्ध वाचकांना परिचितच आहे.

घरात परंपरा आहे म्हणून प्रशिक्षण टाळणे ही चूकही सर्रास होते. आरोग्यसेवा देणाऱ्या आस्थापनांसाठी थायलंडमध्ये 2016 चा कायदा आहे, त्यामुळे मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि नोंदणी यांना पर्याय नाही.

पैशांची वाटणी आधी न ठरवल्यास मध्यस्थ श्रीमंत होतो आणि शेजाऱ्यांत वितुष्ट येते. चिआंग माईजवळच्या मे काम्पोंग गावात पाहुणे घरोघरी पाळीने दिले जातात आणि उत्पन्नाचा काही वाटा गावाच्या सामाईक निधीत जातो. मालिशीच्या पाळ्याही तशाच लावाव्यात. एकाच कुशल बाईवर दिवसभराचा भार टाकल्यास काही महिन्यांतच तिचे अंगठे कामातून जातात.

शेकाच्या पुरचुंडीबाबतही निष्काळजीपणा नको. ‘लूक प्राकोप’ म्हणजे प्लाय नावाचे आल्याच्या कुळातील कंद, हळद, गवती चहा, मकरूट लिंबाची साल आणि कापूर यांची कापडात घट्ट बांधलेली पुरचुंडी. ती वाफवून काढल्यावर आधी स्वतःच्या हातावर टेकवून पाहावी आणि पहिले काही शेक कापडावरूनच द्यावेत. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्या माणसाला चटका बसलेला कळतच नाही. एकाची पुरचुंडी दुसऱ्यासाठी वापरू नये; पाहुणा मुक्कामी असेल, तर त्याच्या नावाची चिठ्ठी लावून ती फ्रीजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच पुन्हा वाफवून द्यावी.