एका मॅशमधून दोन बिअर काढताना या चुका टाळा

लंडनच्या चिझिक भागातील फुलर्सच्या ब्रुअरीत गोल्डन प्राइड, ईएसबी, लंडन प्राइड आणि चिझिक बिटर या चारही बिअर एकाच मॅशच्या (म्हणजे मोड आणून वाळवलेल्या आणि गरम पाण्यात भिजवलेल्या धान्याच्या) वर्टमधून, म्हणजे त्यातून गाळलेल्या गोड पाण्यातून काढल्या जात. या ‘पार्टीगाइल’ पद्धतीविषयी वाचून उत्साहाने कामाला लागणारे बहुतेक नवशिके पहिल्या दाट वर्टची कडक बिअर आणि नंतर धान्याचा चोथा धुऊन मिळणाऱ्या पातळ वर्टची हलकी बिअर करून मोकळे होतात. त्यांची हलकी बिअर पाणचट लागते, कारण तिच्यात पहिल्या वर्टचा थेंबही नसतो. दोन्ही वर्ट वेगवेगळे उकळून प्रत्येक बिअरसाठी ते ठरावीक प्रमाणात एकत्र करणे, हेच या पद्धतीचे मर्म आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक घनता मोजण्यातली असते आणि ती मीही केली आहे. इंग्लंडमध्ये घरी बिअर करू लागलो त्या काळात मी उकळीपूर्वी भांड्याच्या तळच्या नळातून नमुना घेतला आणि बाष्पीभवन धरून दाट वर्टची घनता १.०८२ (पाण्याची १.०००) होईल, असा हिशेब मांडला. दाट वर्ट तळाशी बसतो आणि मागाहून आलेला पातळ वर्ट त्याच्यावर तरंगतो, हे ढवळण्याचा आळस केल्यामुळे माझ्या लक्षातच आले नाही. उकळीनंतर पुन्हा मोजण्याचाही मी कंटाळा केला. प्रत्यक्षात तो वर्ट १.०७० होता. त्याचे ६२ टक्के आणि १.०२४ च्या पातळ वर्टचे ३८ टक्के घेऊन १.०६० ची बिअर मिळायची होती, ती जेमतेम १.०५२ वर थांबली. आणि हे कळले तेव्हा सगळा वर्ट वाटून संपला होता. तेव्हापासून मी उकळीनंतर भांडे नीट ढवळतो, नमुना २० अंशांपर्यंत थंड करतो आणि मगच प्रमाण ठरवतो. गरम वर्टमध्ये हायड्रोमीटर (घनता मोजणारी काचनळी) बुडवून तक्त्याने तापमानाची दुरुस्ती करणाऱ्यांच्या घाईचे मला नवलच वाटते.

हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा हिशेबही वर्टप्रमाणेच आकारमानानुसार करावा लागतो. दाट वर्टचा कडवटपणा ५० एकक आणि पातळ वर्टचा २० असेल, तर वरच्याच प्रमाणात केलेल्या मिश्रणात तो साधारण ३९ भरतो. अनेकजण सगळे हॉप्स दाट वर्टमध्येच ओततात. मात्र वर्ट जितका दाट तितका हॉप्सचा कडवटपणा त्यात कमी उतरतो, म्हणून मी पातळ वर्टमध्येही पुरेसे हॉप्स घालतो.

चोथ्यातून उतरणारा वर्ट १.०१० च्या खाली गेला, की तो घेणे बंद करावे. लोभापायी पुढचा घेतल्यास बिअर तुरट होते. चोथा धुण्याचे पाणी ७७ अंशांपेक्षा जास्त तापवू नये. मिश्रण यीस्ट घालण्यापूर्वीच करावे, कारण आंबू लागलेल्या दोन बिअर नंतर एकत्र ओतणे हा वेगळाच उद्योग आहे.