फायरप्लेसची जाळी बनवून घेताय? या चुका टाळा

महाबळेश्वर-पाचगणीच्या बऱ्याच जुन्या बंगल्यांत फायरप्लेस आहेत, आणि हल्ली फार्महाउसवरही हौसेने बांधून घेतात. लाकडं ठेवायच्या जाळीसाठी मग गावातला फॅब्रिकेटर गाठायचा, आणि तो हाताला येईल ते लोखंड लावून देतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा, पाइप किंवा पट्टी. जस्त ४१९ अंशांना वितळतं, ९०७ ला उकळतं, आणि भरपूर हवा मिळालेले निखारे तिथवर सहज पोचतात. या मुलाम्याचा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंग करणाऱ्यांना हा ताप चांगला ओळखीचा असतो. ‘एकदा जाळून मुलामा काढू’ म्हणजे तोच धूर मुद्दाम करणं. जुन्या फ्रिजच्या चकचकीत जाळ्याही नकोत. त्यांच्यावर कसला मुलामा आहे ते कळत नाही.

बांधकामातल्या उरलेल्या सळया विषारी नाहीत, पण १०-१२ मिमीची सळई एका हिवाळ्यात मधोमध झोळ घेते. ६०० अंशांच्या आसपास साध्या लोखंडाची ताकद निम्म्याच्याही खाली येते, शिवाय पृष्ठभाग पापुद्र्यांनी झडत राहतो. म्हणून २० मिमीचा चौरस बार घ्या आणि मध्ये एक जादा पाय द्या.

स्टेनलेसचा मोह होतोच. त्यातला ३०४ नंबरचा प्रकार टिकतो, पण महाग आहे आणि तापल्यावर साध्या लोखंडापेक्षा जास्त प्रसरण पावतो. दुकानदार २०२ हा स्वस्तातला प्रकार ३०४ म्हणून खपवतो. चुंबकाने ते पकडता येत नाही, कारण चुंबक दोन्हींना जेमतेमच चिकटतं. उलट चुंबकाला घट्ट चिकटणारं ४३० नंबरचं स्टेनलेस उष्णतेला चांगलं असतं. माझ्या मते या कामाला एवढा खर्च नकोच.

बीड, म्हणजे ओतीव लोखंड, आकार सोडत नाही, म्हणून ओतीव जाळी मिळाली तर उत्तमच. पण तडा गेला की नाक्यावरचं वेल्डिंग टिकत नाही, आणि विस्तव विझवायला पाणी मारलंत तर तडा जाणारच.

चौकटीत सळया ठासून वेल्ड करू नका. ६० सेंमीचा बार लालबुंद झाला की ५ मिमीच्या आसपास वाढतो. जागा नसली तर तो वाकतो किंवा जोड तुटतो. दोन आडव्या बारांवर सळया ठेवून टोकं मोकळी सोडा.

जाळी लवकर जळाल्याचं खापर धातूवर फुटतं, पण बहुतेक वेळा दोष राखेचा असतो. राख खालून जाळीला टेकली की हवा फिरत नाही, बार निखाऱ्यांत पुरले जातात. पाय निदान ८-१० सेंमी उंच ठेवा आणि राख वेळच्या वेळी उपसा. तरीही झोळ आलाच, तर पाय सुटे केलेले असावेत: जाळी उलटी टाकली की पुढचा हिवाळा निघतो.