शुगरचा 'श' शर्करेचा नाही! इंग्रजी शब्दाचं मूळ कसं शोधायचं

अमुक इंग्रजी शब्द संस्कृतमधूनच आलाय असा फॉरवर्ड अधूनमधून येतोच, आणि त्यात शुगर-शर्करा ही जोडी हमखास असते. गंमत म्हणजे ही जोडी खरी आहे, फक्त 'दोन्हीत श आहे बघा' हे कारण साफ चूक.

आधी शब्दाचं इंग्रजीतलंच जुनं रूप काढा. इंग्रजी शब्दांची मुळं सांगणारी एटिमऑनलाइन ही वेबसाइट फुकट आहे, जोडीला विक्शनरी हा ऑनलाइन शब्दकोश उघडून ठेवा, एकावर विसंबू नका. शुगर टाकलं की तेराव्या शतकाच्या शेवटापर्यंत मागे जाता येतं आणि तिथे सुरुवातीला 'स' आहे. 'श' नंतर इंग्रजीतच आला, 'स्यु' म्हणता म्हणता 'शु' झालं. म्हणजे तो पुरावा बाद.

मग एकेक पायरी मागे जायचं, उडी मारायची नाही. इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून, तिथे मध्ययुगीन लॅटिनमधून, तिथे अरबी 'सुक्कर'वरून, त्याआधी फारसी 'शकर' आणि मग शर्करा. प्रत्येक पायरीला विचारायचं, हे लोक एकमेकांना भेटले कुठे? इथे उत्तर सोपंय, अरबांनी ऊस सिसिली आणि स्पेनपर्यंत नेला होता. अर्थही तपासा, शर्करा म्हणजे मुळात खडे, वाळू, आणि दाणेदार साखर मुठीत घेतली की ते लगेच पटतं.

आपल्या साखरेतला 'ख' पण बघा. पालीत 'सक्खरा' आहे आणि ग्रीकमध्ये 'साक्खारोन', म्हणजे ग्रीकांच्या कानावर शर्करा नाही, बोलीतलं रूप पडलं असणार. साखरेऐवजी वापरतात ते सॅकरिन त्या ग्रीक शब्दाच्या घरातलं.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे. फादर-पितृ, फुट-पाद, थ्री-त्रि हे शब्द उसने नाहीत, भावंडं आहेत, दोघांचे पूर्वज एकच. 'प'च्या जागी 'फ', 'त'च्या जागी 'थ' हे नियमाने होतं, जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२ मध्ये तो नियम मांडला. नुसतं सारखं दिसणं काही कामाचं नाही, इंग्रजी 'मच' आणि स्पॅनिश 'मुचो' यांचा अर्थ जवळपास एकच तरी नातं शून्य. आणि न्यूज म्हणजे चार दिशांची आद्याक्षरं वगैरे तर सोडूनच द्या, ते 'न्यू'चं अनेकवचन आहे.

सरावाला कँडी घ्या, ती खांडेपर्यंत नेते. जॅगरी घेतलीत तर पोर्तुगीजांकडून वळसा घेत परत शर्करेवरच याल, हातात मात्र गूळ.