चांदीच्या नाण्यावरचा रंग आपोआप आलेला की मुद्दाम चढवलेला, हे कसे पाहावे

हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ थर बसतो आणि तो जाड होत जाईल तसा आधी फिकट पिवळा, मग तांबूस, जांभळा व पुढे निळा रंग दिसू लागतो. म्हणून नाणे एकाच दिव्याखाली हळूहळू तिरके करत भिंगातून प्रथम हा क्रम तपासावा. कडेकडून मध्याकडे रंग एकमेकांत मिसळत गेले असतील तर ते चांगले लक्षण. पिवळ्याचा मागमूस नसताना गडद निळा एकदम उमटला असेल, तर गंधकाचे द्रावण किंवा उष्णता वापरल्याचा संशय घ्यावा. अक्षरांच्या खोबणीत साचलेला रंग आणि ओघळाची पुसट रेघही तेच सांगते.

संग्राहक नैसर्गिक इंद्रधनुषी छटेसाठी जादा किंमत मोजतात, चढवलेल्या रंगाला मात्र छेडछाड मानतात. पीसीजीएससारखी, नाण्यांचा दर्जा ठरवणारी संस्था अशा नाण्याला नेहमीचा दर्जा देत नाही. जुन्या कागदी पाकिटात मुद्दाम वर्षानुवर्षे ठेवलेल्या नाण्याचे काय, यावर एकमत नाही, आणि माझ्या मते ते होणारही नाही. संशयित रंग घालवण्यासाठी नाणे रसायनात बुडवू नये, कारण त्यात मूळ टाकसाळी चमकही जाते.